जिनं ‘करिबू’ म्हटलं

३ मार्च
पोचले एकदाची. तुकुयू गावाहून वर चढणारा रस्ता म्हणजे नुसता चिखलाचा रबडा, पण घर पाहून शीण गेला. केळीच्या बागेत पांढरं मिशनघर, लाकडी पायऱ्या, मोठा व्हरांडा. पाद्री नेशाइमसाहेब आमची भाषा बायबलातून शिकलेत, त्यामुळे चहात साखर मागतानाही उपदेश केल्यासारखं वाटतं. बोरगिल्डबाई पाणीसुद्धा दोनदा उकळतात. त्यांची सहा वर्षांची मारित मात्र लाख पोरगी. तिला भाषा आणि इथल्या रीतीभाती शिकवायला मला बोलावलंय. रात्री म्हाताऱ्या स्वयंपाकी म्वाइपाजानं केळी आणि घेवडा असा रांधला की मी लाज सोडून जेवले.

९ मार्च
बाईंनी मारितला दारावर टकटक करायला शिकवलं होतं, ते मी आज मोडून काढलं. टकटक चोर करतात, माणसं ‘होदी’ म्हणून हाक देतात. घरातून ‘करिबू’ म्हणजे ‘या’ असं आलं की मगच पाऊल आत टाकायचं. आणि पाहुणा निघाला की ज्यानं ‘या’ म्हटलं त्यानं त्याला रस्त्याच्या वळणापर्यंत पोचवायचं. मारितनं दिवसभर कोंबड्यांना, मांजराला, म्वाइपाजाला ‘करिबू’ म्हणून म्हणून उच्छाद मांडला. म्वाइपाजा म्हणाला, एवढी आवभगत त्याच्या सासुरवाडीलाही कधी झाली नाही.

१७ मार्च
हे नीट लिहून ठेवते. भर दुपार, पाऊस थांबलेला. पाद्रीसाहेब वाडीवर गेलेले, बाई मागं पावाच्या भट्टीपाशी. व्हरांड्यातून एका बाईचा गोड आवाज आला, होदी. माझे हात पिठानं भरलेले. पुन्हा आला. पुन्हा. मग चौथ्यांदा, पाचव्यांदा. माणूस तीनदा हाक मारतो आणि उत्तर नाही आलं तर परत फिरतो. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, मारितलाही मी सांगितलंय. तीनच्या पुढं हाक मारणारं माणूस नसतं. म्वाइपाजानं ओठांवर बोट ठेवलं.
तेवढ्यात पुढच्या खोलीतून मारितचा खणखणीत आवाज आला, करिबू.
मी धावले. दार उघडं होतं. दारात कुणीच नव्हतं.

१९ मार्च
मारित खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपुढं चहाचा कप ठेवते. पाहुण्या मावशी पीत नाहीत म्हणते. आज मी खुर्ची हलवायला गेले. भरल्या पोत्यासारखी जड. हललीच नाही.

२२ मार्च
पाद्रीसाहेब आधी हसले, मग त्यांनी खुर्ची ओढून पाहिली, मग दार लावून प्रार्थना केली. पोरीला घेऊन तुकुयूला जायचं ठरलं. गाडी ओढ्यावरून परत आली, पूल वाहून गेलाय. म्वाइपाजाला मी विचारलं, मीच त्या पाहुणीला पोचवलं तर? तो म्हणाला, “जिनं ‘या’ म्हटलं तिनंच पोचवायचं, पोरी. दुसऱ्या कुणी उठवून असला पाहुणा उठत नाही.” आणि वळणाशी ती थांबत नाही, म्हणे. थोडं पुढं, थोडं पुढं करत नेते. संध्याकाळी तो घरी गेला.

२४ मार्च
म्वाइपाजा आला नाही. दारांना कड्या. पोरगी बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही स्वतःलाच तिच्याबरोबर कोंडून घेतलंय. मारित रडते. “पाहुण्यांना ताटकळत ठेवू नये, तुम्हीच शिकवलंत ना?” मी तिला कुशीत घेऊन बसले. मला भीती वाटते, फार भीती वाटते.

२५ मार्च
दूध गरम करायला वळले, तेवढंच. मागचं दार सताड. मारित नाही. खुर्ची हलकी झालीय.
चिखलात एकाच जोडीची पावलं, तिची, वळणापर्यंत. तिथून पुढं काहीच नाही. साऱ्या वाडीनं केळीची बाग पालथी घातली.

२६ मार्च
सकाळपासून व्हरांड्यात मारितच्या आवाजात — होदी, होदी, होदी — थांबत नाही. बाई दाराकडं झेपावतात, पाद्रीसाहेब त्यांना मिठी मारून धरतात. ती मारित नाही. किती वेळा सांगितलं त्यांना. मारित तीनदाच हाक मारील —
अंधार पडल्यावर थांबलं.

२७ मार्च
दुपार. हाका मोजायच्या म्हणून लिहितेय. पुन्हा आलंय. होदी.
बाई माझ्या तोंडाकडं बघतात. मी मान हलवते. नाही.
होदी. आवाज बसलेला, रडून बसतो तसा —
होदी.
आता चौथी येईल. येईल आता —
येत नाही.
पायऱ्यांवर पावलं. खाली जाताहेत. तीनदा झालं, उत्तर नाही, म्हणून परत फिरली, मी शिकवलं तशीच — देवा, ती मारितच — पाद्रीसाहेबांना कडी निघेना — मी खिडकीतून ओरडले, करिबू, मारित, करिबू बाळा —
पावलं थांबली. वळली. येतेय —
पायरीची फळी एवढी का करकरतेय, पोर तर चिमणीएवढी —