ती परत जात नाही

मी, हेमचंद्र नारायण येमूल, वय शहात्तर, मूळचा सोलापूरचा, एकोणीस वर्षे मद्रासमध्ये तेलुगू चित्रपटांचा लेखक व निर्माता, हल्ली मुक्काम एडमंटन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. चिरंजीव मिलिंद यास शंका आल्यास त्याने तो दोनदा वाचावा.

१. मिलिंदने टाइप करून आणलेल्या मागील मृत्युपत्रावर मी सही केली होती. ते रद्द समजावे.

२. माझा कॉन्डो, गाडी आणि तिचे विंटर टायर्स मिलिंदला. मुलगा वाईट नाही, घाईचा आहे.

३. संवादांची बाडे मराठी मंडळाच्या वाचनालयास द्यावीत. भाषा तेलुगू, पण लिपी देवनागरी, कारण घरी तेलुगू बोललो तरी शाळा मराठी. मद्रासचे लेखक यावरून मला हसत. त्यांच्या नाकावर टिच्चून मी चौदा चित्रपट केले.

४. माझ्या तिसऱ्या चित्रपटाचे सर्व हक्क नात ईशिता हिला. त्यातली विणकरीण मारकुट्या नवऱ्याचे घर सोडते, स्वतःचा माग मांडते आणि परत जात नाही. शेवट बदला म्हणून वितरक अडून बसले. १९७४ साली मी निमूट सही केली आणि त्यांनी तिला नवऱ्याच्या पायाशी आणून बसवले. चित्रपट तुफान चालला. लोकांनी हार घातले, मी घालून घेतले.

५. मूळ शेवटाचे रीळ मिलिंदच्या बेसमेंटमधल्या डीप फ्रीझरमध्ये, मटारांच्या पिशव्यांखाली आहे; थंडीत फिल्म टिकते. सूनबाईंनी ते फेकू नये. एक टीव्ही चॅनल हा चित्रपट विकत मागत आहे. मिलिंद म्हणतो, "बाबा, चॅनलवाल्यांना आहे तीच प्रिंट हवीये. एंडिंग कोण बघतं आता? साइन करून टाका ना." ईशिता मात्र चित्रपट पाहून ओरडली, "आजोबा, शी वुड नेव्हर गो बॅक!" म्हणून हक्क तिला. मूळ शेवट जोडल्याशिवाय हा चित्रपट कोठेही दाखवायचा नाही. कोणी दाखवलाच, तर तिने त्याला खुशाल कोर्टात खेचावे.

६. आता जे कोणालाच सांगितले नाही ते. ही कथा माझी नाही. माझी कैलासवासी पत्नी अरुणा हिने ती लिहिली, शेवटासकट. पडद्यावर मी माझे नाव लावले. मी सही करून घरी आलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "नाव तुमचं लावलंत, मी चालवून घेतलं. आता शेवटही त्यांचा?" त्यानंतर ती माझ्या एकाही चित्रपटाला आली नाही. थिएटरात तिचे डोके दुखते, असे मी लोकांना सांगत राहिलो. मला याची लाज वाटते.

तरी नव्या प्रिंटवर लेखिका म्हणून अरुणा येमूल हे एकच नाव यावे. लोक मला चोर म्हणतील, मिलिंद. म्हणू देत. निर्माता म्हणून माझे नाव तसेच ठेवा. ती सही निर्मात्याने केली होती.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यादेखत सह्या केल्या.

(सही) हेमचंद्र नारायण येमूल

साक्षीदार:
(सही) चारुदत्त पेंडसे
(सही) उमा मोघे

एडमंटन, १४ जानेवारी २०११