चर्चच्या दारावरचा कागद

प्रिय अल्फे,

मेरीमाता तुला सांभाळो. चर्चच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आहे. कोरा कागद कशाला खर्ची घालायचा?

आपलं स्मारक उभं राहिलं. भरती अडवणाऱ्या बांधाच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी इथून आपल्या ज्या फ्रेंच घराण्यांना जहाजांत कोंबून देशोधडीला लावलं, त्यांची नावं शिळेवर कोरली आहेत. भोवतीचे दगड घराघरांतून आले. आपला मी परसातून उचलून दिला. फादरनी तीर्थ शिंपडलं, मी जपमाळ पुरी केली. तुझे बाबा मात्र पाथरवटाला म्हणाले, "खाली जागा सोड रे. आमची नावं घालायची राहिलीत." सगळे हसले. शेजारची झेली तेवढी हसली नाही.

तिच्याही विहिरीचं पाणी आता मचूळ लागतं. कडक उन्हात आमच्या तळघराला ओल चढते. परवा रापूर भाजायचं म्हणून बटाटे किसले, तर ते मुळातच खारट. बाबा म्हणाले, "मीठ दोनदा घातलंस का, ओझित?" मी हो म्हटलं. बांधाखालची झडप फक्त भरतीला मिटायची, ती आता ओहोटीलाही आपटत राहते. ती वाजली की मी क्रुसाची खूण करते आणि हातातलं काम पुढे चालू ठेवते.

स्मारकानंतरच्या रविवारी चर्चच्या दारावर सरकारी कागद लागला: प्रार्थनेनंतर सर्वांनी आत जमावे. लावणाऱ्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! आपल्या पूर्वजांना असंच चर्चमध्ये बोलावलं होतं आणि मग बाहेरून दारं लावली होती. प्रार्थना संपली तसे सगळे बाहेर येऊन गवतावर उभे राहिले. सरकारी बाई, तुझ्याच वयाची पोरगी, रिकाम्या बाकांपुढे एकटी. झेलीने तुझ्या बाबांना टोमणा मारला, "काय माजोरिक, बाई बोलावतेय, जा की आत!" तुझे बाबा म्हणाले, "मागच्या वेळी बोलावलं तेव्हा गेलो होतो आपण." या खेपेला कुणी हसलं नाही. तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन लागलं, आणि ती पोरगी आतून घाबरून ओरडली.

मग ती अंगणात येऊन बोलली. बांध दुरुस्त होणार नाही. शरदातल्या मोठ्या भरतीआधी खालच्या आळीने घरं रिकामी करायची. चांगल्या शब्दांत बोलली, वाईट कशाला म्हणू? झेलीने सामान बांधलं. आळीत आता संध्याकाळी आमचाच दिवा दिसतो. बाबांनी समुद्राकडच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या आहेत. म्हणतात, "एकदा हाकललं तेवढं पुरे. बुडायचं तर आपल्या जमिनीवर बुडू." आणि मी त्यांना टाकून जाणार नाही, हे तुला सांगायला नको.

तू आल्बर्टाला निघालास तेव्हा याच दारातून ते तुला 'जा' म्हणाले होते, परत तोंड दाखवू नकोस म्हणाले होते. मी चुलीपाशी उभी होते, सगळं ऐकलं. तेव्हापासून फोनवर तुम्ही दोघं फक्त हवापाण्याचं बोलता. पण लेका, त्यांना 'जा' म्हणणारे पुष्कळ झाले, 'या' म्हणणारं कुणी नाही. तुझ्याकडे एक खोली रिकामी आहे ना? फोन कर, आणि तो माझ्याकडे देऊ नका म्हणून बाबांना सांग. हवेचं विचारू नकोस. "बाबा, माझ्याकडे या," एवढंच बोल. मोठ्या भरतीच्या आधी बोल.

तुझीच,
आई