फ्लास्कच्या चौकशीइतकी चौकशी

प्रति,
मा. प्राचार्य,
विज्ञान महाविद्यालय

विषय : माझ्या तक्रारीची नोंद ब्रेकेज रजिस्टरमध्ये करून मिळणेबाबत.
संदर्भ : १) माझी तक्रार, दि. १२ सप्टेंबर. २) गोल बुडाच्या फ्लास्कचा चौकशी अहवाल, दि. १२ सप्टेंबर.

महोदय,

१. मी तृतीय वर्षात रसायनशास्त्र शिकते. ११ सप्टेंबर रोजी दुपारी प्रात्यक्षिकाच्या सरांनी मला काचसामान काढायला स्टोअररूममध्ये बोलावले, आतून कडी लावली आणि माझ्यावर लैंगिक अत्याचार केला. हे वाक्य मी तक्रार समितीसमोर पाच वेळा सांगितले आहे, त्यामुळे आता ते एका दमात लिहिता येते. सुटण्यासाठी मी हाताला लागलेला फ्लास्क भिंतीवर आपटला. आवाज ऐकून स्टोअरकीपर काकांनी दार बडवले, तेव्हा कुठे कडी निघाली.

२. महाविद्यालयाच्या तत्परतेचे कौतुक करावे तेवढे थोडे. दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला फ्लास्कची चौकशी बसली. तुकडे गोळा करून पाकिटात सीलबंद झाले, काकांचा जबाब झाला, संध्याकाळपर्यंत अहवालावर सह्याही झाल्या. तू त्या वेळी स्टोअररूममध्ये काय करत होतास, किंवा एवढा नाजूक कशाला राहिलास, असे फ्लास्कला कोणीही विचारले नाही.

३. माझ्यासाठी समिती दोन महिन्यांनी बसली. ॲप्रनच्या आत मी काय घातले होते, यावर पाऊण तास गेला. एका सदस्यांनी मायेने सांगितले, "अगं, सरांना दोन लहान मुली आहेत, त्यांचा तरी विचार कर." मी केला. म्हणूनच तक्रार मागे घेतली नाही. शेवटी पुराव्याअभावी प्रकरण मिटले, मला स्टोअररूममध्ये जाण्यास मनाई झाली आणि मुलींसाठी 'सावध कसे राहावे' हे व्याख्यान ठेवले गेले. आभार सरांनी मानले. छान बोलले.

४. परीक्षेआधी प्रत्येकाने आपल्या नावावरील फुटतुटीसमोर सही करायची, ही आपल्या विभागाची पद्धत आपणास ठाऊक आहेच. त्यासाठी गेल्या सोमवारी काकांनी ब्रेकेज रजिस्टर पुढे केले आणि त्यातला फ्लास्कचा अहवाल मी प्रथमच वाचला. त्यात लिहिले आहे : 'कडी आतून लावलेली होती. सर व विद्यार्थिनी दोघेच आत होते. विद्यार्थिनी रडत होती, ॲप्रनची बाही उसवलेली होती. झटापटीत फ्लास्क फुटला.' खाली सह्या : हजर शिक्षक म्हणून स्वतः सर, विभागप्रमुख म्हणून तक्रार समितीच्याच अध्यक्ष मॅडम, आणि आपण. रजिस्टरवर न वाचता सही करण्याची सवय इतकी उपयोगी पडेल, असे मला वाटले नव्हते. काकांना विचारले, तर म्हणाले, "पोरी, काच फुटली की जे दिसलं ते सगळं लिहायचं, असा नियम आहे. तुझ्याबद्दल मला कुणी विचारलंच नाही गं."

५. येत्या १८ तारखेला प्रात्यक्षिक परीक्षा आहे. परीक्षक तेच सर आहेत. तोंडी परीक्षा आतल्या खोलीत, एकेकाला बोलावून, दार लोटून होते. मला भीती वाटते. हे वाक्य कुठल्याही नमुन्यात बसत नाही, म्हणून सरळ लिहिते. आठवडाभर मला झोप नाही, आणि तीन वर्षे अभ्यास केलेला विषय मी या माणसासाठी सोडणार नाही.

६. तरी विनंती की परीक्षक बदलावेत, स्टोअररूमची आतली कडी काढून टाकावी आणि माझी तक्रार ब्रेकेज रजिस्टरमध्ये नोंदवावी. तिथे एका दिवसात काम होते असा अनुभव आहे. फ्लास्कच्या जागी नवा फ्लास्क चौथ्या दिवशी आला होता. माझ्या जागी पुढच्या वर्षी नवी मुलगी येईल, आणि तिलाही कोणीतरी काचसामान काढायला आत बोलावेल.

१८ तारखेला वेळेवर हजर राहणारी,
(सही)
तृतीय वर्ष, हजेरी क्रमांक ४१
दि. ९ मार्च

सोबत : फ्लास्कच्या चौकशी अहवालाची छायाप्रत. मूळ रजिस्टर आज सकाळी काका स्वतः माझ्यासोबत पोलीस ठाण्यात घेऊन आले होते. त्यांनी सवयीप्रमाणे पोच घेतली आहे.