येते म्हणायची सवय

रविवार, संध्याकाळ. अल नहदा.

ते बूट डोक्यातून जातच नाहीयेत.

बाबा गेल्याला महिना होत आला. पुण्याच्या वृद्धाश्रमात त्यांचं सगळं करायच्या त्या शोभामावशींचा आज फोन आला. कपाट रिकामं करत होत्या. "बुटांचं काय करू, ताई? अगदी नवे आहेत. फक्त रविवारी घालायचे. तुमचा व्हिडिओ कॉल झाला की बूट चढवून गेटपाशी बसायचे. म्हणायचे, लेक येते म्हणालीय."

मी? कधी? तिकीट काढल्याशिवाय मी असलं काही बोलतच नाही. कुणी विचारलंच तर इकडे आखातात सगळे म्हणतात तसं इन्शाल्ला म्हणून मोकळी होते.

मग आठवलं, आणि मोठ्यानेच बोलून गेले. दर वेळी फोन ठेवताना, "चला बाबा, येते." दुसरं काय म्हणणार? जाते म्हणायचं नसतं, हे त्यांनीच तर मला शिकवलेलं.

शेजारी बसलेली रिया म्हणाली, "बट आई, दॅट जस्ट मीन्स बाय."

हो गं. पण त्यांना माझं नावसुद्धा आठवायचं नाही शेवटी. हे कुठून लक्षात राहणार?

मी मावशींवरच चिडले. "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"खुशीत असायचे हो. कशाला मोडायचं?"

खुशीत. बूट घालून. जेवायला हाक मारेपर्यंत.

बूट कुणाला देऊ नका, म्हटलं. आणि फोन ठेवताना तोंडातून गेलंच, "चला मावशी, येते."

त्यांनी विचारलं, "कधी?"