शेकर कोजास्त?

१८ जानेवारी
फारसीचा ऑनलाइन कोर्स सुरू. फ्री. मराठीत निम्मे शब्द फारसीच, म्हणजे निम्मा कोर्स झालेलाच आहे. मार्चपासून पेशवाईतली कागदपत्रं वाचायला घेणार. पहिला धडा : कुठली वस्तू कुठे. कोजास्त म्हणजे कुठे आहे. ज़ीर-ए तख़्त म्हणजे खाटेखाली. परळच्या आमच्या एका खोलीत सगळंच ज़ीर-ए तख़्त. प्रगती उत्तम.

१९ जानेवारी
सुभद्राचं संक्रांतीचं हळदीकुंकू. बायका आल्या की चाळीतले नवरे गॅलरीत जाऊन उभे राहतात. मी धडा अर्धवट सोडून कसा जाणार? खाटेवरच बसलो. बायकांनाही चार वाक्यं शिकवली. तिळगूळ टेबलावर आहे, चपला दारामागे आहेत. खूप हसल्या. सुभद्रा हसली नाही. वर्षातून एकदा ही खोली तिची असते, म्हणाली. संध्याकाळी बॅग घेऊन अँटॉप हिलला, मेघनाकडे. लेकीकडे दोन दिवस हवापालट. बरंच झालं, अभ्यासाला शांतता.

२२ जानेवारी, सकाळी
शेकर कोजास्त? साखर मिळेना. सुभद्राला फोन. फळीवर, पिठाच्या डब्यामागे. लगेच फारसीत वाक्य करून तिला ऐकवलं. फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम.

२४ जानेवारी
हिंग विचारला. लाइटबिल विचारलं. नेलकटरही विचारलं. ते समोरच दिसत होतं, पण प्रश्न विचारल्याशिवाय भाषा येत नाही.

२८ जानेवारी
फोन मेघनाने घेतला. आई झोपलीय म्हणे. सकाळी अकराला? जाऊन बघायला हवं. पण धडा दुसरा बाकी आहे. उद्यापासून रोज दोन तास, नक्की.

१ फेब्रुवारी
धडा दुसरा उघडला नाही. समोर बोलायला माणूस नसलं की उच्चार बिघडतात. खोली फार मोठी वाटते. रथसप्तमीच्या आत येईलच. शेजारणींची हळदीकुंकवं ती चुकवणार नाही.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी
शेजारच्या हळदीकुंकवाला आली होती म्हणे. मी गॅलरीत उभा होतो, मागच्या. शेजारूनच परत गेली.

५ फेब्रुवारी
सुभद्राचा लांबलचक व्हॉइस मेसेज. रेशनकार्ड गादीखाली. सुईदोरा बिस्किटांच्या डब्यात. माझी कानटोपी पोटमाळ्यावर, पत्र्याच्या पेटीत. लग्नाचा अल्बम तिच्याच खाली. घरातली एकूण एक वस्तू सांगितली. आता फोन करायची गरज पडणार नाही, असं शेवटी. ऐकण्याच्या सरावाला फार चांगलं मटेरियल.

दुपारी
सगळं शोधून बघितलं. ती म्हणाली तिथेच आहे. एखादी तरी वस्तू हरवलेली निघायला हवी होती.