शेजारच्या जागेचा पट्टा

हिल्डे,

आपली धाकटी फेन्ना गेल्यापासून पावसाच्या दिवशी सायकलीच्या पुढच्या, मुलांना बसवायच्या पेटीत टाइस एकटाच बसलेला असतो. तरी शाळेपाशी पेटीवरचे पावसाळी छत उघडले, की शेजारच्या, तिच्या रिकाम्या जागेचा सुरक्षा पट्टाही लावलेला दिसतो. कोरड्या दिवशी तसे कधीच घडत नाही.

"फेन्ना गेलेली नाही, ती अजून बरोबर येते," असे तू काल म्हणालीस आणि भीतीने सायकल विकायला काढलीस. आज टाइसला मीच नेले. त्याचा पट्टा लावला, दुसरा मोकळा ठेवला आणि पावसाळी छत बंद केले. कालव्याच्या पुलाआधी आतून 'टक्' असा आवाज आला.

थांबून छत उचलले.

"बाबा, बंद कर ना! भिजेल ती!"

"पट्टा कोणी लावला?"

"मीच. पूल आला की धाकटीचा पट्टा बघायचा. आईनंच सांगितलंय."

"मग ऊन असताना का नाही लावत?"

"तेव्हा आईला दिसतं ना. रडते मग ती."

दुपारी त्याला आणायला तूच जा; पाऊस थांबणार नाही. पट्टा टाइस लावतो. छत बंद असले की तुला दिसत नाही, म्हणून पावसातच लावतो.

वाउटर