चेष्टा

बाबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी आज तुमच्याशी मराठीत बोलते आहे. शेवटची दोन वर्षं आपण दोघं एकमेकांशी हिंदीतच बोललो. सुरुवात तुम्ही केली होती. कारण मी होते.

तो सिनेमा मी लिहिला तेव्हा मला वाटलं होतं की तुम्हाला मजा येईल. आपल्याच गावातल्या चार-सहा हौशी मंडळींनी मिळून केलेला विनोदी सिनेमा. भंडाऱ्याकडून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला आलेला एक बाप, घरात हिंदीचा शब्द ऐकला की कान बंद करून घेणारा, आणि त्याचा मुलगा एका छत्तीसगढी मुलीशी लग्न करायचं म्हणून बसलेला. लांब शोधायला जावंच लागलं नाही. मी नऊ वर्षांची असताना खेळून आले आणि ‘पानी दो’ म्हटलं, तर तुम्ही पेपर वाचत तसेच बसून राहिलात. मी तीनदा म्हटलं. चौथ्यांदा रडत रडत ‘पानी द्या ना बाबा’ म्हटलं, तेव्हा उठून माठातलं पाणी दिलंत आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. हा प्रसंग मी जसाच्या तसा घेतला, फक्त डोक्यावरचा हात गाळला. तुमचा अर्ध्या बाह्यांचा तपकिरी स्वेटरही त्या नटाला दिला. तो कपाटातून नेताना तुम्हाला विचारलंसुद्धा नाही.

आणि कुरुदचा प्रसंग. दादाच्या लग्नाची बोलणी करायला तुम्ही आणि दादा तिथे वहिनीच्या माहेरी गेला होतात. वहिनीच्या वडिलांनी हात जोडून म्हटलं, “आपकी सेवा में हम पूरी चेष्टा करेंगे,” आणि तुम्ही ताडकन उठून बाहेर आलात. “आमची चेष्टा करता का?” म्हणून स्कूटरला किक मारलीत. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. दादानं घरी येऊन ही गोष्ट सांगितली, मग मित्रांना सांगितली, मग लग्नानंतर पाहुण्यांना सांगितली. तुम्ही दर वेळी ऐकून घ्यायचात. मी सिनेमाचा सगळा डोलारा त्या एका शब्दावर उभा केला.

पहिल्या खेळाला तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात, प्लांटच्या कोक ओव्हन खात्यातले तुमचे पाच-सहा रिटायर साथी घेऊन. मी दोन रांगा मागे बसले होते, कारण मला पडद्यापेक्षा तुम्हाला पाहायचं होतं. तो प्रसंग आला आणि सगळं थिएटर हशानं फुटलं. तुमच्या शेजारच्यानं तुमच्या मांडीवर थाप मारली, “अरे भाऊ, ये तो तू है!” तुम्ही हसलात. मला मागून फक्त तुमचा कान आणि गाल दिसत होता, आणि मी ते हसू समजले. शेवटची नावं सरकून पडदा पांढरा होईपर्यंत तुम्ही जागचे हलला नाहीत. बाहेर त्या नटानं तुमच्या पाया पडून आशीर्वाद मागितला. “बहुत बढ़िया किया,” तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही पोपट-वालाच्या शेंगा सोलत बसला आहात. मी चहा ठेवते आहे. मीच विचारते, कसा वाटला?

“हसले लोक,” तुम्ही म्हणता. मग मान वर न करता म्हणता, “तीस वर्सं मी हिंदीत ड्युटी केली. बिहारी, तेलगू, पंजाबी, साऱ्यायसंग. चेष्टा म्हंजे काय, मले समजलं नसन?”

“मंग तुमी उठले कावून?”

“चहा उतू चालला,” तुम्ही म्हणता.

मी गॅस बंद केला, आणि पुन्हा विचारलं नाही. त्या दुपारी तुम्ही मला म्हणालात, “बेटा, ज़रा पानी देना.” मी हसले, मला वाटलं तुम्ही माझीच नक्कल करताय. संध्याकाळीही हिंदी. आठवड्यानंतरही हिंदी. ओरडणं नाही, रुसणं नाही. दुकानदाराशी बोलावं तसं नीट, सभ्य. वहिनीशी मात्र मराठीत. तिला ‘ळ’ म्हणायला तुम्हीच शिकवलं होतंत, तिच्याशी तुम्ही आमटीपासून पावसापर्यंत सगळं मराठीत बोलायचात, आणि मी खोलीत आले की भाषा बदलायची. मी एकदा चिडून म्हटलं, “बाबा, मले मराठी येते.” तुम्ही म्हणालात, “हाँ बेटा, मालूम है.” दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही वहिनीला म्हणालात, “उशी थोडी वर कर वो.” मला म्हणालात, “घर जाओ, थक गई होगी.” मी घरी गेले. तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं तेच.

गेल्या रविवारी जुनवानीला दादाकडे जेवायला गेले होते. सिनेमातला तो तुकडा आता लोक फोनवर एकमेकांना पाठवतात. पुतणीनं जेवताना लावला, “बुआ, दादाजी वाला सीन!” आणि हसत सुटली. दादाही हसला. वहिनी ताटावरून उठून आत गेली. मी मागोमाग गेले तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती.

“तुमाले सांगतो आज,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी दाराआड चहा घेऊन उभी होती. चेष्टा तर मागून झाली. त्याच्या आंदी माह्या बाबूजीनं म्हटलं होतं, ‘जेन जगा तुंहर क्वाटर हे, तेन जगा हमर खेत रिहिस.’ हासूनच म्हटलं त्यायनं, मनात काही नोहतं. पन बाबाच्या हातात पान्याचा गिलास होता, तो तसाच राह्यला. त्यायनं मान खाली घातली. मंग बाबूजी चेष्टा करेंगे म्हणाले, अन् बाबा तोच शब्द धरून उठले. त्यायले तिथून निंगायले काहीतरी पाह्यजे होतं.”

जिथे तुमचं क्वार्टर आहे, तिथे आमचं शेत होतं. प्लांटनं घेतलेलं. आणि तुम्ही भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांतून आलेले, भावांत वाटण्या झाल्यावर हातात काही उरलं नाही म्हणून. त्या माणसाच्या घरी बसून त्याची मुलगी मागायची होती.

वहिनीनं पुढचंही सांगितलं. महिन्याभरानं तुम्ही एकटेच कुरुदला गेला होतात. परछीत, म्हणजे ओसरीवर, बसून दोघं म्हातारे तासभर धानाच्या जातींबद्दल बोललात. मग तुम्ही म्हणालात, “मैं भी किसान का ही बेटा हूँ,” आणि लग्न ठरलं. सिनेमात मी तुम्हाला सुनेच्या हातचे तांदळाचे फरे खाऊन राजी केलं होतं. त्यावरही लोक खूप हसले होते.

“तुमाले ठाऊक असतं तर तुमी असं लिहिलं नसतं,” वहिनी म्हणाली. ती माझी समजूत घालत होती, बाबा.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहिते. मला ठाऊक होतं. हातातल्या पाण्याच्या गिलासाचं नाही, पण ते शेताचं वाक्य ठाऊक होतं. कुरुदहून आल्यावर दादानं मला सगळंच सांगितलं होतं, त्याला ते वाक्य महत्त्वाचं वाटलं नव्हतं इतकंच. मी पहिल्या खर्ड्यात ते लिहिलंसुद्धा होतं. तालमीत वाचलं तेव्हा सगळे गप्प झाले आणि पुढचा ‘चेष्टा’चा विनोद पडला. मी पेन्सिलनं ते वाक्य खोडलं, पुन्हा वाचलं, आणि सगळे हसले.

वहिनीला मी म्हटलं, “मले नोहतं माहीत वो.” तिनं पदरानं माझे डोळे पुसले.